खेकड्याच्या कव्हरात पाल

माझे सासरे आमच्याकडे राहायला आले ते दोन शर्ट, एक पाना आणि खोक्यांची अख्खी रांग घेऊन. पाना ते लिफ्ट दुरुस्त करायचे तेव्हाचा. खोक्यांत राक्षस होते.

म्हणजे सिनेमातले. इमारतीएवढी गोगलगाय, विमानं गिळणारा बेडूक, बंदरावर पाय रोवून उभी राहिलेली पाल. सगळे जुने सिनेमे, आणि तेही स्वस्तातल्या डिस्कवर. स्टेशनरीच्या दुकानात वह्यांच्या मागे धूळ खात पडलेल्या असतात ना, तसल्या. कव्हरवर जो राक्षस तोच आत असेल अशी काही खात्री नसते. एकच सिनेमा तीन नावांनी खपवायचा, हा तर त्या कंपन्यांचा धर्मच. सासऱ्यांनी 'महाखेकडा', 'खेकड्याचा कहर' आणि 'किनारा सोडा' असे तीन वेगवेगळे सिनेमे मोठ्या भक्तिभावानं विकत घेतले होते. तिन्हींत तोच बेडूक निघाला.

"बाबा, फसवतायत तुम्हाला," मी म्हणालो.

"फसवू दे. एकदा तरी चुकून खरं बोलतील."

आता लिफ्टवाल्या माणसाला खेकड्यांचं एवढं काय, तर त्यामागे माझ्या सासूबाई. त्यांना मी पाहिलेलं नाही. खरं तर बायकोनंही पाहिलेलं नाही म्हटलं तरी चालेल, कारण त्या गेल्या तेव्हा ही अजून भिंतीला धरून चालत होती. सासूबाई शिवणकाम करायच्या. एकदा कापडाच्या गठ्ठ्यातून उंदीर निघाला आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली, की खालच्या गॅरेजमध्ये डबिंगचा धंदा करणारा माणूस धावत वर आला. मदतीला नाही. माईक घेऊन.

त्या गॅरेजात बाहेरचे राक्षसपट आणून त्यांना आपले आवाज चिकटवायचं काम चालायचं. पुरुषांचे सगळे आवाज तो एकटाच काढायचा. त्यामुळे सेनापती आणि शास्त्रज्ञ भांडायला लागले की माणूस स्वतःशीच भांडतोय असं वाटायचं. किंचाळ्या मात्र सासूबाईंच्या. चार-पाच भरून घेतल्या आणि जन्मभर पुरवल्या. पूर आला, तीच किंकाळी. पूल पडला, तीच. एका सिनेमात तर घोडा खिंकाळतो तिथेही तीच.

"एक दिवस मात्र ती बोलली होती," सासरे सांगायचे. "हिरॉइनचा आवाज काढणाऱ्या बाईचा घसा बसला, तेव्हा तिला उभी केली. खेकड्याचा सिनेमा होता. मी आत नव्हतो. ही कार्टी रडत होती म्हणून हिला घेऊन बाहेर रस्त्यावर फेऱ्या मारत होतो."

कार्टी म्हणजे माझी बायको. आता तिला सातवा महिना लागला होता आणि तिचं डोकं फक्त एकाच गोष्टीत होतं: बाळाची खोली.

"बाबा, ती खोकी हलवा. बाळ काय पालीशेजारी झोपणार?"

"एवढं खेकड्याचं सापडू दे."

"कधी सापडणार? माझ्या मुलाच्या लग्नात?" तिनं एका खोक्यावरची धूळ झटकली. "सगळ्यांना आईचं काहीतरी असतं. मला काय मिळालं, तर किंचाळणं. 'जेवलीस का' म्हणताना ती कशी म्हणत असेल, एवढंच कळायला हवं होतं मला. पण त्यासाठी किती वर्षं बेडूक बघायचे हो? मला नकोय आता. आशा लावून लावून कंटाळा आलाय."

शिवाय दुपारी टीव्हीच्या आवाजानं झोप लागत नाही, म्हणूनही ती ओरडली. दुसऱ्या दिवसापासून सासरे दुपारी ती आडवी झाली, की टीव्हीचा आवाज बंद करून न पाहिलेली एकेक डिस्क तपासायला लागले. पद्धत पक्की होती. डिस्क लावायची, चित्र बघायचं. आधीचंच चित्र असेल तर 'डबल' म्हणून बाजूच्या खोक्यात. सगळी चित्रं त्यांना तोंडपाठ. नुसती इमारत पडताना बघून सांगायचे, "ही पालीनं पाडली. बेडूक उजवीकडून पाडतो."

डबलचं खोकं भरलं. "हे देऊन टाका कोणाला तरी जावईबापू," ते म्हणाले. आवाज असा, की जणू मी त्यांना दाढ उपटायला घेऊन चाललोय.

मी ते खोकं आमच्या सलूनवाल्याला दिलं. त्याच्या दुकानात टीव्हीवर दिवसभर बातम्या चालायच्या, आणि बातम्यांवरून गिऱ्हाइकं एवढी भांडायची की एकाची मिशी त्यापायी तिरकी झाली होती. म्हटलं, राक्षसांवरून तरी कोणी भांडणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी काम करतो त्या गाद्यांच्या दुकानात एका जोडप्याला गादीवर उड्या मारू नका म्हणून विनवत होतो, तेवढ्यात सलूनवाल्याचा फोन.

"साहेब, ती तुमची डिस्क घेऊन जा बरं."

"का? लागत नाही?"

"लागते की! पण कव्हरवर खेकडा आहे, आत पाल निघाली."

"ते तसंच असतं हो."

"असू दे. पण पाल बाईच्या आवाजात बोलते! आणि बोलते काय, तर खेकड्याबद्दल! गिऱ्हाईक हसतंय, खुर्ची हलतेय, आणि माझ्या हातात वस्तरा आहे. उद्या कोणाचा कान गेला तर तुम्ही आणून देणार का?"

मी त्या जोडप्याला म्हणालो, मारा काय उड्या मारायच्या त्या, आणि घरी पळालो.

सासऱ्यांना सांगितलं तर ते जागच्या जागी खाली बसले. "चित्र पालीचं," ते पुटपुटले, "आणि आवाज खेकड्याचा. कॅसेटवरनं डिस्कवर घेताना गाढवांनी एकाचा आवाज दुसऱ्याला लावला. आणि मी गाढव, आवाज बंद करून बघत होतो!"

"म्हणजे माझ्यामुळे," बायको दारात उभी होती. "मीच ओरडले होते ना टीव्हीवरून." तिनं चपला घातल्या. एक माझी होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

सलूनमध्ये दोन खुर्च्यांवर दोघं होते, एक फेसात, एक अर्धा कापलेला. बाकावर तिरक्या मिशीवाला. बायकोचं पोट बघून तो उठला आणि तिला जागा दिली.

"काय झालंय?" त्यानं मला विचारलं.

"सासूबाईंना ऐकायला आलोय."

तो टीव्हीकडे बघायला लागला. पडद्यावर पाल वीजकेंद्र तुडवत होती.

सलूनवाल्याचा रिमोट कधीच हरवला होता. त्यानं कंगव्याच्या शेपटानं प्लेअरचं बटण दाबून सिनेमा मागे नेला. सेनापती तोंड मिटून ओरडला. जहाजाचा भोंगा वाजला, खरं तर पडद्यावर कुत्रा होता. मग पालीनं मान वर केली, सगळ्या शहरावर नजर फिरवली, जबडा उघडला, आणि आतून एक बाई अगदी घरातल्यासारखी म्हणाली:

"अहो, घाबरता काय एवढे? केवढाही झाला तरी शेवटी खेकडाच ना तो? चला, मी आहे बरोबर."

फेसवाला फिस्सकन हसला. सलूनवाल्यानं त्याच्या डोक्यावर कंगवा मारला.

सासरे टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभे होते. त्यांनी मागे न बघता नुसती मान हलवली. तीच.

बायको बाकाच्या कडेला सरकली. रडली नाही. मग म्हणाली, "अहो, परत लावा ना जरा."

सलूनवाल्याचा कंगवा हवेतच राहिला. त्यानं पालीकडे बघितलं, मग हिच्याकडे. "ताई," तो म्हणाला, "अहो, हा तर तुमचाच आवाज!"

"माझा?"

"डोळे मिटून ऐका. 'अहो'सुद्धा तसंच, शेवटी ओढून."

"ओढतात खरं," अर्धा कापलेला म्हणाला.

बायको सासऱ्यांकडे वळली. "बाबा? तुम्हाला माहीत होतं?"

"नसायला काय झालं? तू बारा-तेरा वर्षांची झालीस तेव्हाच कळलं."

"मग सांगायचं नाही?"

"सांगून तुला काय वाटलं असतं? म्हातारा मन राखायला बोलतोय. पुरावा नको?" त्यांनी पालीकडे बोट केलं. "आणि म्हणून तर तू माझ्यावर ओरडलीस की मी गप्प ऐकून घेतो. तुला वाटतं मी घाबरतो."

आता मात्र ती रडली. रडता रडता हसली, आणि हसता हसता तिनं सलूनवाल्याला सांगितलं, अजून एकदा. त्या दिवशी पालीनं किती वेळा शहराला धीर दिला कोण जाणे. अर्धा कापलेला तसाच बसून होता, आणि कोणाचीच तक्रार नव्हती.

खोकी काही गेली नाहीत. मी दुकानातून एक गादी आणली, खोकी भिंतीला लावली, त्यावर फळी, फळीवर बाळाचे कपडे. ज्या बाईला खोली रिकामी हवी होती तीच आता म्हणायला लागली, "पालीला खिडकीजवळ ठेवा, दमट होईल नाहीतर." बाळंतपणाची तिला आतून धास्ती होती, मला ठाऊक होतं. पण रात्री मी काळजीनं कूस बदलली की तीच म्हणायची, "अहो, घाबरता काय एवढे? केवढंही झालं तरी शेवटी बाळच ना ते?"

तो दिवस आला तेव्हा सासरे आणि मी प्रसूतिगृहाच्या बंद दाराबाहेर उभे होतो. आतून एक किंकाळी आली. असली, की कॉरिडॉरमधल्या शिपायाच्या हातातली बादली सुटली. मी पांढराफटक पडलो. सासऱ्यांचा चेहरा मात्र उजळला.

"पूल पडला," ते म्हणाले. "तीच! बघता काय जावईबापू, मोबाईल काढा! या वेळी मी बाहेर फेऱ्या मारत बसणार नाही. रेकॉर्ड करा!"

घाईघाईत मी आधी कॅल्क्युलेटर उघडला. शेवटी लाल ठिपका लागला. आत पुन्हा किंकाळी, मग एका बाईंचं दटावणं, मग एकदम शांतता, आणि त्या शांततेतून एक चिरका, चिडका, इवलासा आवाज.

सासऱ्यांनी दाराला कान लावला. लिफ्टच्या यंत्राला लावायचे तसा. बराच वेळ ऐकलं.

"हा नवीन आहे," ते म्हणाले. "हा माझ्याकडे नाही."