भट्टी विझण्याआधी

दात लहानसाच होता—पुढचा, मुळाशी रक्ताचा काळपट ठिपका धरलेला—आणि तो शर्टाच्या खिशात कसा आला, हे भट्टीवाल्याला काही केल्या आठवेना. काल कारखान्याच्या फाटकाशी आपण धाकट्या भावाला मारलं, एवढं आठवत होतं. एकदा नव्हे... लोकांनी ओढून बाजूला करेपर्यंत.

"भाऊजींच्या ओठाला टाके पडलेत," बायको त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बघून तरी या."

दात पुन्हा खिशात टाकून तो कामावर निघाला. सकाळीच डांबर चपलेला चिकटत होतं. असा उन्हाळा पूर्वी नव्हता, असं सगळेच म्हणत, आणि म्हणून झालं की आपापल्या कामाला लागत. बुवाही म्हणायचा. बुवा म्हणजे त्याचा जोडीदार. उठता-बसता प्रवचन झोडायचा, म्हणून बुवा. गेल्या उन्हाळ्यात भट्टीपाशीच त्याला भोवळ आली आणि उजवा हात कोपरापर्यंत वितळलेल्या लोखंडात... किंकाळी आधी आली की वास? उचलून नेताना तो पोरासारखा हलका लागला होता. बुवा संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा होता, आणि भट्टी तशीच लालभडक.

ती कोळशाची भट्टी आता महिनाअखेर विझणार होती. धाकटा भाऊ कामगारांचा पुढारी; काल फाटकाशी स्टुलावर चढून त्यानेच सांगितलं, "परदेशातलं गिऱ्हाईक आता कोळशाच्या धुरातलं लोखंड घेत नाही. विजेची भट्टी आली तरच कारखाना टिकेल. पण काम निम्म्यांनाच."

"निम्मे म्हणजे तुझे सगेसोयरे ना?" कुणीतरी ओरडलं.

"माझा दादाच घरी बसणार आहे," धाकटा म्हणाला.

आणि मग ते स्टूल, ती मान, हाताखाली कटकन मोडलेलं काहीतरी—

दिवसभर तो कोळसा लोटत राहिला. प्रत्येक फावड्याला धाकट्याचं तोंड समोर येई आणि तो त्यात निखारे कोंबी. पोटावर पाय दिला यानं! माझ्या, खानावळवाल्याच्या, ट्रकवाल्यांच्या... अख्ख्या वस्तीची चूल या भट्टीवर पेटते. वाक्य खरं होतं. तरी फावडं थांबलं की ते वाक्य पोकळ वाजे, आणि मग तो घाईघाईने पुन्हा फावडं मारी.

सुटी झाल्यावर पाय आपसूक दवाखान्याकडे वळले. धाकटा खाटेवर बसला होता, तोंड सुजून भोपळा झालेलं.

"उरलेले दात पाडायला आलास?"

"पोटावर पाय दिलास तू."

"दिला. नाहीतर सगळ्यांच्याच पोटावर पडला असता." धाकट्याने लाळ पुसली, तिच्यात रक्त होतं. "पण दादा, मी स्टुलावर उभा होतो, मला वरून दिसलं. तुझं नाव घेतलं तेव्हा तू हसलास."

"खोटं बोलतोस!"

"सुटल्यासारखा हसलास. मग धावून आलास."

मूठ आपोआप वळली. हाणावी, आत्ताच, त्याच टाक्यांवर... पण बरगड्यांच्या आत काल क्षणभर काहीतरी गार वाहून गेलं होतं, ते आता पुन्हा वाहिलं. सुटलो. बुवा, मी सुटलो रे—असंच म्हटलं होतं का मी? आणि ते यानं पाहिलं म्हणून मी याला...?

महिना संपायला अजून अवकाश होता. उद्या पुन्हा त्या धगीसमोर उभं राहायचं, या नुसत्या विचाराने त्याला भट्टीची भीती वाटली—बुवा गेल्यापासून पहिल्यांदाच—आणि धाकट्याला ती दिसू नये म्हणून तो मूठ उगारून तसाच उभा राहिला.