चंद्राची गोळी

समजावून सांगावं तर प्रियानंच, असं सदलग्यात प्रियाचं स्वतःचं ठाम मत होतं. औषधाच्या दुकानात बसून ती पाकिटांवर चित्रं काढायची. सूर्य म्हणजे सकाळची गोळी. चंद्र आणि शेजारी ताट म्हणजे रात्री जेवल्यावरची. वर गिऱ्हाइकाकडनं सगळं पाठ म्हणून घ्यायची. मधे खोकायची सुद्धा सवड नाही!

अशा गुणी पोरीच्या शेजारच्याच तारामती आक्काचं बीपी मात्र महिनाभर उतरायचं नाव घेईना. पंधरा दिवसांनी शिखरजीच्या यात्रेची गाडी सुटायची होती, आक्कानं चार वर्षं वाट बघितलेली. डॉक्टरांनी सांगितलं, बीपी उतरलं नाही तर यात्रा विसरा. म्हातारी रडकुंडीला आली.

प्रियाला हा आपलाच अपमान वाटला. ती तडक आक्काच्या सोप्यात जाऊन बसली.

"आक्का, चंद्राची गोळी कवा घ्यायची?"

"रात्री, जेवल्यावर. उपाशीपोटी अजिबात न्हाय," आक्का घडाघडा म्हणाली.

"मग आणा बघू पाकिटं."

सूर्याचं पाकीट रिकामं. चंद्राच्या पाकिटात तीसच्या तीस गोळ्या!

"अगं बाई! एक बी घेतली न्हाय?"

"कशी घेऊ गं? दिवस बुडाला की माझ्या तोंडात पाणी बी जात न्हाय. रात्री जेवायचं न्हाय, आणि जेवल्याबिगर गोळी न्हाय. तूच धा येळा म्हणवून घेतलंस की."

"मग तवाच सांगायचं न्हाय व्हय?"

"तू बोलू दिलंस कवा?"

प्रियानं कपाळावर हात मारला. ती तरी कुठं परकी? जैनाचीच पोर, रोज दिवस मावळायच्या आत दुकानात डबा उघडून जेवणारी. लई लाज वाटली तिला. तिथनंच तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, संध्याकाळी जेवल्या जेवल्या घेतली तरी चालेल.

बीपी उतरलं. डॉक्टरांनी यात्रेला होकार दिला.

गाडी सुटायच्या दिवशी प्रिया वाटेतल्या गोळ्या आणि पेन घेऊन पळत आली. सवयीनं तोंड उघडलं, आणि तिनं जीभ चावली. पेनाला टोपण लावलं.

"आक्का, वाटेत तुमी जेवणार कवा कवा?"

आक्कानं तिच्या गालावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"एवढं आधी इचारलं असतंस, तर चित्रं काढायची दगदग तरी वाचली असती, बाळा."