नागुबाईचा खल आणि पांढरी पूड

मित्रांनो, माझ्या पोटात बोट घालून चाटायचे मनात असेल, तर जरा थांबा. काल-परवा माझ्यात काय कुटले गेले, हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे? मी एक जुना खल आहे. काळ्या दगडाचा, ओंजळीएवढ्या पोटाचा आणि स्वभावाने थोडा संशयी. हा संशय मी जन्मतः आणला नाही. तो मला कसा जडला, तेच सांगतो.

चारठाण्याच्या एका पाथरवटाने मला घडवले. त्या गावाला जुन्या देवळांचा शेजार. त्यामुळे आपलीही एखाद्या देवळात वर्णी लागेल, असे मला वाटत होते. पण बसप्पा नावाच्या माणसाने मला उचलले, बैलगाडीत कडब्यावर ठेवले आणि चुडाव्याला आणले. तिथे रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर त्याचे काष्ठौषधींचे दुकान होते. मुळ्या, साली, बिया, वाळलेली फुले यांची औषधे तिथे मिळत. तेव्हा निजामाचे राज्य होते आणि दवाखाना म्हटला की परभणी गाठावी लागे.

दोन वर्षांतच बसप्पा तापाने गेला. मग त्याची बायको नागुबाई दुकानात बसू लागली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि नजर अशी, की तिच्यापुढे खोटे बोलायला माणूस कचरावा. प्रत्येक जिन्नस ती आधी उजेडात निवडी, मग नाकाशी धरी आणि मगच माझ्यात टाकी.

वर्षातून दोन-तीनदा ती माझ्यात कुचला कुटायची. वातावर त्याचा गुण येतो. पण तो नीट शुद्ध केला नाही किंवा माप चुकले, तर माणूस आकडी येऊन मरतो. कुचला कुटला, की ती मला राखेने तीनदा घासून उन्हात पालथा घालायची. एकदा त्याच दिवशी शेजारची बायनाबाई मिरच्या कुटायला मला मागायला आली.

"आज न्हाई, बायना. आज त्याच्या पोटात ईख हाय."

"झाडाच्या बीचं कसलं आलंय ईख?" बायनाबाई हसली.

"तू शेजारीण हाईस, हे त्या झाडाला कुठं ठावं हाय?" नागुबाई म्हणाली.

मित्रांनो, माझे खरे काम मात्र जंतांच्या औषधाचे. पळसपापडी, वावडिंग आणि किरमाणी ओवा. लेकरांना जंत झाले, की आया दुकानात येत. नागुबाई किरमाणी ओवा कुटून पुड्या बांधी. तीन दिवस, रोज दोनदा गुळातून द्यायचा, मग एरंडेल. चव इतकी कडू, की लेकरे मला पाहिले तरी रडत. पण त्यांची पोटे बरी होत आणि आया माझ्या काठाला हात लावून जात. ते माझे चांगले दिवस.

एके दिवशी दुपारच्या गाडीने व्यंकटराव नावाचा एक फिरता विक्रेता उतरला. हातात पत्र्याची पेटी, बोलण्यात साखर. नागुबाईचा तरणा मुलगा बसवराज दुकानात होता. व्यंकटरावाने पेटीतून पांढऱ्या पुडीची एक शिशी काढली.

"हे किरमाणी ओव्याचंच सत्त. कारखान्यात काढलेलं. कडू न्हाई, कुटायची झंझट न्हाई. तुमच्या मूठभर ओव्याचं काम ह्यातली चिमूट करते."

नागुबाईने शिशी उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर ना नाव, ना माप.

"मूठभराचं काम चिमूट करते म्हणता," ती म्हणाली. "मग चिमूटभर जास्ती पडली, तर काय करते ते बी सांगा."

"अहो बाई, शेवटी ओवाच तो! झाडाचीच दवा. त्यानं कुणाचं वाईट झालंय?"

नागुबाईने शिशी परत केली. पण ती आत पाणी प्यायला गेली, तेवढ्यात बसवराजने दोन शिश्या घेऊन फळीमागे सारल्या. ते मी पाहिले. पाहून काय उपयोग? दगडाला तोंड असते, जीभ नसते.

त्यानंतर माझ्यात ओवा पडेनासा झाला. आई नदीवर गेली, की बसवराज शिशीतली पूड चिमटीने कागदावर टाकायचा आणि गिऱ्हाइकाला द्यायचा. गुण येत होता, हे मी नाकारत नाही. लोक त्याची तारीफ करत होते आणि मी कोपऱ्यात धूळ खात होतो. कधी कधी मला माझ्या संशयाचाच संशय येई. त्या पुडीत खरेच काही खोट आहे, की माझे काम गेले म्हणून मी जळतो आहे?

"ओवा कसा संपंना रे?" नागुबाईने एकदा विचारले.

"जंतच कमी झालेत, माय."

तिने ओव्याचा डबा हातात तोलून पाहिला आणि परत फळीवर ठेवला.

मग तो दिवस आला. सकाळीच किशनराव नावाचा शेतकरी आपल्या सात वर्षांच्या धुरपीला खांद्यावर टाकून धावत आला. मागे त्याची बायको पार्वतीबाई होती. पोरगी ताठ झाली होती, डोळे फिरले होते. मागोमाग गल्ली जमली.

"जंताची पुडी चालू हाय तुमच्या दुकानाची. कालपासून म्हणत होती, माय, भाकर पिवळी कशानं दिसायलीय? पांढरा बैल पिवळा दिसायलाय," पार्वतीबाई रडत सांगत होती. "मला वाटलं, कावीळ झाली. आन् आज आकडी आली!"

"आकडी?" बायनाबाई ओरडली. "म्हातारी कुचला कुटती की त्या खलात! मला सोताच्या तोंडानं सांगितलंय तिनं!"

झाले. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर वळल्या. किशनरावाने पोरीला आईच्या मांडीवर दिले आणि मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले. इतक्या उंच मला कधी कुणी धरले नव्हते. समोर पायरीचा दगड दिसत होता.

"फोड," नागुबाई म्हणाली. "पण लेकरू कशानं पडलं, ते आधी कळू दे. पुडी कोनी दिली तुमाला?"

किशनरावाने बसवराजकडे पाहिले. नागुबाईनेही पाहिले.

"बसवराजा, काय व्हतं पुडीत?"

मित्रांनो, तो नुसता गप्प राहिला असता, तरी पुरे होते. सगळा दोष कुचल्यावर, माझ्यावर आणि त्याच्या आईवर गेला असता. गावाने ते मानलेही असते. धुरपीच्या तोंडातून घरघर आली, तेव्हा त्याने फळीमागची शिशी काढून आईपुढे ठेवली.

"माय, ओवा न्हवता. ते सत्त व्हतं. चिमटीनं दिलं मी. किती, ते मलाच ठावं न्हाई."

"आन् आमी ओव्यावानी रोज दोनदा दिलं," पार्वतीबाई पुटपुटली.

किशनरावाचे हात खाली आले. त्याने मला जमिनीवर ठेवले.

"माझ्याजवळ ह्याला इलाज न्हाई," नागुबाई म्हणाली. हे सांगायला तिला किती जड गेले, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. "परभणीची गाडी यायलीय. सरकारी दवाखाना गाठा. बसवराजा, शिशी घे. डाक्टरला सगळं सांग. एक शबूद लपवलास, तर माझ्या दारात येऊ नको."

पुढचे मी बसवराजच्या तोंडून ऐकले. डॉक्टरांनी शिशी पाहिली आणि पुन्हा पुन्हा विचारले, किती वेळा दिले, कधी दिले. "ही दवा आम्हीही देतो," ते म्हणाले. "पण काट्यावर तोलून, लेकराचं वजन बघून. जास्त झाली, तर सगळं पिवळं दिसतं आणि आकडी येते. चिमटीनं विष देतात. तुम्ही कुचल्याचं नाव सांगितलं असतं, तर मी भलत्याच वाटेला लागलो असतो." दोन दिवस धुरपीचे काही खरे नव्हते. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि दवाखान्याची भिंत पांढरी आहे, असे सांगितले. ते ऐकून किशनराव ढसाढसा रडला.

महिन्याने व्यंकटराव पुन्हा आला. नागुबाईने त्याला बसवले, गूळ-पाणी दिले आणि त्याच्याच शिशीतली चिमूट कागदावर टाकून पुढे सरकवली.

"घ्या. झाडाचीच दवा हाय."

"मला काय जंत झालेत?" तो हसला. पण त्याचा हात काही कागदाकडे गेला नाही. "माप तुमचंच चुकलं, बाई."

"माप सांगितलं व्हतं तुमी?"

त्याने पेटी उचलली आणि स्टेशनाची वाट धरली. बसवराज पायात वहाणा घालून त्याच गाडीत चढला. व्यंकटराव जिथे उतरे, तिथे हाही उतरे. पेठेत उभा राहून सांगे, "मी चुडाव्याचा बसवराज. माझ्या हातानं एक लेकरू मरता मरता वाचलं. ह्या शिशीवर नाव न्हाई, माप न्हाई. घेऊ नका." पाचव्या दिवशी तो परत आला, तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता. व्यंकटराव पुन्हा आमच्या बाजूला दिसला नाही. पण तो कुठे गेला आणि आता काय विकतो, ही शंका माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

त्यानंतर बसवराज मला पुसून दुकानात ठेवायला लागला, तेव्हा नागुबाई म्हणाली, "आधी कागद घे. आपल्या हरेक पुडीवर नाव लिही, माप लिही."

"माय, आपली तर झाडपाल्याची दवा."

"म्हनूनच लिही. पांढऱ्या पुडीला लोक आता भेतील. हिला कोन भेतंय?"

निजामाचे राज्य गेले, त्याच साली नागुबाईही गेली. मित्रांनो, शिशीला भिऊ नका आणि मी दगडाचा, जुना, म्हणून माझ्यावर आंधळा भरवसाही टाकू नका. औषधाचे नाव काय, किती घ्यायचे, जास्त झाले तर काय होईल? देणारा रागावला, तर रागावू द्या. आधी विचारायला तोंड उघडा. मग औषध घ्यायला.