उतरलेली रेघ

"बघ, रस्ता सुधारला!" साहेबांनी पडद्यावरच्या उतरत्या रेघेवर बोट ठेवलं. "बसच्या राखीव पट्ट्यात घुसणाऱ्या गाड्या जवळपास संपल्या. तिथले पोलीस काढून बाजारात लावू. टिपण तयार कर."

वाहतूक शाखेचे हे आकडे तीच मांडत असे. रेघ कोणत्या आठवड्यात कोसळली, हे तिला वाचून बघावं लागलं नाही. त्याच आठवड्यात बाबा गेले होते.

त्या रस्त्यावर बाबा बस चालवत. वाट अडवलेली दिसली की चालकाने बटण दाबायचं. कॅमेरा गाडीचा फोटो घेतो. पण पाळी संपल्यावर डेपोत बसून प्रत्येक फोटोचा खुलासा लिहावा लागे. बाकीचे चालक त्या भानगडीत पडत नसत. बाबा मात्र रोज उशिरा येत, आणि आई ताट वाढता वाढता म्हणे, "रस्ता काय तुम्हाला आंदण मिळालाय?"

"साहेब, गाड्या तेवढ्याच आहेत. बटण दाबणारा गेला."

साहेबांनी चष्मा काढला. "मुली, घरचं दुःख आकड्यांत मिसळू नकोस."

"म्हणून तर बसच्या वेळा काढल्या. रस्ता मोकळा असता, तर बस लवकर पोचली असती. ती आजही तितकीच रखडते. आणि वेळा काही माझ्या नात्यातल्या नाहीत."

साहेबांना हसू आलं, पण ते बधले नाहीत. "आज तिथला एक फोटो दाखव. टिपण फिरवतो."

ती तडक त्या रस्त्याच्या बसमध्ये चढली आणि चालकामागच्या बाकावर टेकली. औषधांच्या दुकानासमोर पट्ट्यातच एक मोटार उभी होती. बसने कचकन ब्रेक मारला.

"आला जावई!" चालक करवादला.

"काका, बटण दाबा ना."

"आणि खुलासा कोण लिहिणार? तू?"

"लिहिते. डेपोपर्यंत येते तुमच्याबरोबर."

त्याने वळून पाहिलं. "आमच्यात एकच होते असे. सासरेबुवा म्हणायचो आम्ही त्यांना. रस्त्यावरच्या सगळ्या जावयांना धाक!" तो थबकला. नाकाचा शेंडा, कपाळ, पुन्हा नाक. "तू त्यांची..."

तिने मान हलवली.

मागून हॉर्न वाजू लागले. चालकाने डावा हात खाली नेला. बटणाचा लाल रंग मधोमध उडून अंगठ्याच्या आकाराचा पांढरा डाग पडला होता. त्याने त्यावर आपला अंगठा ठेवला.

त्याचा अंगठा बारीक होता. बटण दाबलं गेलं, तरी पांढरी कड दोन्ही बाजूंनी दिसत राहिली.