एकसारखी नाडी

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची ही गोष्ट. घड्याळजींचं दुकान खाली, बिऱ्हाड वर. सकाळी दुकानातल्या घड्याळांना चावी देऊन झाली की ते वर येत आणि चहा गाळणाऱ्या बायकोचं मनगट धरत. लग्नापासूनची ही सवय. कुणी पाहिलं तर ती लाजायची, पण हात सोडवून घ्यायची नाही.

"तुझं यंत्र जरा पुढे पळतं, जरा मागे राहतं," ते चिडवायचे. "उघडून साफ करायला हवं."

"करा की. स्क्रू तेवढा हरवू नका."

तिला साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात उठून उभं राहिलं की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरकडे चला म्हणून मुलगी हात धुऊन मागे लागली. घड्याळजी मात्र नाडी पाहून खूश झाले. ती कधी नव्हे इतकी एकसारखी चालत होती. आमच्या घरातलं जुनं यंत्र अखेर ताळ्यावर आलं, असं ते गिऱ्हाइकांनाही सांगत सुटले. बायकोचा त्यांच्या बोटांवर भारी विश्वास. "हे म्हणतात ना, मग काही नाही," ती मुलीला म्हणाली. उन्हाळा तसाच गेला.

ती स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा कुठे इस्पितळ गाठलं. डॉक्टरीणबाईंनी मनगट धरून तिला सावकाश खोल श्वास घ्यायला लावला, सोडायला लावला. मग त्यांनी घड्याळजींना बाहेर बोलावून समजावलं, की निरोगी माणसाची नाडी श्वास घेताना किंचित धावते, सोडताना रेंगाळते. साखरेनं हा चढउतार घडवणाऱ्या हृदयाच्या नसाच निकामी केल्या होत्या. छातीत न दुखताच एक झटकाही येऊन गेला होता.

"पण बाई, एक ठोका मागेपुढे होत नव्हता."

"तेच वाईट होतं, काका."

ते आत गेले. तिनं सवयीनं मनगट पुढे केलं. त्यांनी तळवा धरला.

"आज यंत्र बघायचं नाही?"

"चांगलं चाललंय," ते म्हणाले.

थंडी पडायच्या आत ती गेली.

डॉक्टरीणबाईंची पुढे बदली झाली. मुलगी लग्नानंतर त्याच गल्लीत राहिली. तिनं वडिलांना कधी बोल लावला नाही, आणि तेच त्यांना जड गेलं. घड्याळजींनी म्हातारपणापर्यंत दुकान चालवलं, पण सकाळच्या चहाला ते कधी वर गेले नाहीत. मुलगीच येऊन वर चहा करी आणि कप खाली आणून देई. नातीनं खेळता खेळता मनगट पुढे केलं, तर ते तिच्या तळव्यावर हलकेच टाळी देत आणि पुन्हा कामाला लागत.