जांभळाचा द्राक्षारस

कुलूप काढून शांतवनने दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थांबला. आतून आंबूस, गोड वास आला. ताडीच्या दुकानावरून जाताना येतो तसा, पण त्यात जांभूळही होतं. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. सवयीने चपला काढल्या आणि लगेच परत घातल्या. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत फरशीवर काच पसरली होती.

बायकोला, रतनबाईला, माती दिल्यावर मुलगी पंकजा त्याला आपल्याकडे नगरला घेऊन गेली होती. पंधरा-एक दिवस तो तिथं राहिला. आज संध्याकाळी श्रीरामपूरच्या घरी रतनबाईसाठी जपमाळेची प्रार्थना होती. फादर येणार होते, गल्लीतली माणसं येणार होती. म्हणून तो सकाळच्या एसटीने एकटाच पुढे आला होता. घर झाडायचं, सतरंजी टाकायची, एवढंच काम आहे असं त्याला वाटलं होतं.

स्वयंपाकघराची भिंत ओट्यापासून छतापर्यंत जांभळी झाली होती. साली भिंतीला चिकटून वाळल्या होत्या. एक बी छतालाच राहिली होती. खिडकीतून मुंग्यांची रांग आत येत होती आणि चिलटं इतकी होती की तोंड उघडायची सोय नव्हती. कोपऱ्यातल्या फळीवर मरिया मातेची मूर्ती होती, तिच्या पांढऱ्या झग्यावरही शिंतोडे उडाले होते. शांतवनने आधी ती उचलली, ओल्या फडक्याने पुसली आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर नेऊन ठेवली. झग्याच्या एका चुणीतला डाग निघाला नाही.

मग तो परत आला आणि ओट्याखाली वाकून बघू लागला.

बरण्या तीन होत्या. दर जूनमध्ये जांभळं आली की रतनबाई तीन बरण्या घालायची. जांभळं, साखर, मूठभर गहू, चार लवंगा आणि बेकरीवाल्याकडून मागून आणलेलं यीस्ट. नाताळला ती ग्लासातून घरोघर पाठवायची. त्याला ती वाईन म्हणायची नाही. द्राक्षारस म्हणायची. पवित्र शास्त्रात तोच शब्द आहे, असं तिचं म्हणणं होतं. यंदाच्या बरण्या घातल्या आणि आठवड्यातच ती गेली. सकाळी चहा ठेवताना खाली बसली, ती उठलीच नाही.

काचेची मोठी बरणी फुटली होती. प्लास्टिकच्या दोन शाबूत होत्या, पण त्यांची बुडं फुगून बाहेर आली होती आणि त्या जमिनीवर सरळ उभ्या राहत नव्हत्या. शांतवनने एकीला बोट लावलं. ती डुलली.

शांतवन साखर कारखान्यात फिटर होता. पाइप, व्हॉल्व्ह, वाफ यांच्यातच त्याची सगळी नोकरी झाली. काय फुटलं, कुठून फुटलं, हे बघितल्याशिवाय त्याला झाडू हातात घेववेना. तो उकिडवा बसून तुकडे उचलू लागला. बुडाचा तुकडा जागेवरच होता. पोटाचे तुकडे दूर गेले होते. बरणीचा गळा मात्र गॅसच्या मागे अख्खाच सापडला आणि त्यावर झाकण तसंच बसलेलं होतं. त्याने झाकण फिरवून बघितलं. फिरलं नाही.

"आटे धरून आहेत," तो स्वतःशी म्हणाला.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"अरे बाबा! शांतू, हे काय रे?"

साळूबाई, त्याची थोरली बहीण, पदर नाकाला लावून उभी होती. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि प्रार्थनेसाठी चहाची पातेली घेऊन आली होती.

"बरणी फुटली, अक्का."

"ते दिसतंय मला. आन् तू काय गळा धरून बसलाय? ऊठ. सहाला फादर यायचेत. हा वास आला म्हंजे लोक काय म्हनतील? बायको जाऊन म्हैना न्हाई झाला, आन् ह्यानं घरात भट्टी लावली."

"रतनचा द्राक्षारस आहे, सगळ्यांना माहीत आहे."

"द्राक्षारस! येक द्राक्ष न्हाई त्यात. जांभळाचा द्राक्षारस म्हनं." साळूबाईने पातेली बाहेर ठेवली आणि साडी वर खोचली. "तू आयुष्यात थेंब घेतला न्हाई, मला ठावं हाय. पर लोकाला ते सांगत बसनार का? एकदा नाव पडलं की पडलं. ह्या दोन राहिल्यात ना, त्या आधी मोरीत वत."

शांतवनने हातातला गळा झाकणासकट खिडकीत ठेवला.

"ऐकू आलं का?"

"ह्या नको, अक्का."

"का नको? ह्याबी फुटतील. लोक बसल्यावर फुटल्या तर? फादरच्या अंगावर?"

"तिने घातलेलं आहे ते."

साळूबाईने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि काच गोळा करायला लागली. थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्याचं पुढं काय करायचं असतं, म्हायती हाय का तुला?"

"नाही."

"मंग?"

तीस-बत्तीस वर्षं त्या बरण्या ओट्याखाली असायच्या. तो त्यांच्याजवळून जायचा, रात्री झोपण्याआधी नळ, गॅसचा कॉक आणि बरण्यांची झाकणं हाताने तपासायचा. कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही ती सवय गेली नव्हती. काही ढिलं दिसलं की तो आवळायचा. पण आत काय चाललं आहे, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

मागच्या दाराची कडी वाजली. शेजारच्या बिस्मिल्लाआपा गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. दोन्ही घरांची भिंत एक आणि मागचं अंगण एक. त्यांनी बादली ठेवली, भिंतीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"या अल्ला. म्हणजे तो आवाज हाच. परवा दुपारी धाड्‌दिशी झालं. मला वाटलं सिलिंडर गेला. खिडकीतून वाकून बघितलं, धूर नाही, आग नाही. म्हटलं, मांजरानं काहीतरी पाडलं." त्यांनी ओच्यातून लिंबूसत्त्वाची पुडी काढली. "हे टाका पाण्यात. साबणानं जांभूळ निघत नाही, उलट निळं पडतं."

तिघंही कामाला लागले. शांतवन स्टुलावर चढून भिंतीचा वरचा भाग घासू लागला, आपा खालचा. साळूबाई फरशी पुसत होती आणि मधेमधे वास घेऊन मान हलवत होती. पाण्याच्या तीन बादल्या जांभळ्या होऊन मोरीत गेल्या. वास कमी झाला, गेला मात्र नाही.

"एक कळत नाही," शांतवन स्टुलावरून म्हणाला. "इतकी वर्षं तीच बरणी, तेच झाकण. कधी फुटली नाही. यंदाच कशी फुटली? साखर जास्त पडली असेल?"

"साखर कशाला जास्त पडेल? तिचं माप ठरलेलं," आपा म्हणाल्या. "तुम्ही नगरला गेलात, मग ढिली कोण करणार?"

"काय ढिली?"

"झाकणं."

शांतवनचा हात थांबला.

आपांनी वर बघितलं. "रोज सकाळी करायची ना ती. मी नमाजावरून उठायची, तेव्हा भिंतीतून आवाज यायचा. फुस्स. मग थोडं थांबून परत फुस्स. मला कळायचं, रतन उठली."

"झाकण तर घट्ट लागतं. हवा गेली तर नासेल ना?"

"घट्ट लावून चालत नाही हो त्याला. आतून फुगतं ते. तुम्ही रात्री आवळायचे आणि ती सकाळी सोडायची. अंगणात पाणी भरताना हसायची. म्हणायची, आज आमच्या फिटरनं असं आवळलंय, की मला फडकं घेऊन फिरवावं लागलं."

साळूबाई फरशी पुसता पुसता हसायला लागली. तोंडावर पदर घेतला तरी तिचं हसू थांबेना.

"म्हंजे ह्यो आवळनार आन् ती सोडनार! किती वर्सं ग, बिस्मिल्ला?"

"मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून ऐकते."

शांतवन स्टुलावरून खाली उतरला. हातातलं फडकं त्याने पिळलं, परत उलगडलं, परत पिळलं.

"मला कधी बोलली नाही."

"मी म्हटलं होतं तिला, सांग की एकदा. तर म्हणाली, राहू दे. हात फिरवल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही."

साळूबाईचं हसू हळूहळू थांबलं. तिने फडकं बादलीत बुडवलं आणि जी फरशी पुसून झाली होती, तीच परत पुसू लागली.

नगरला निघायच्या दिवशी पंकजा रिक्षा थांबवून बाहेर उभी होती आणि तो घरभर फिरून सगळं आवळत होता. नळ, गॅस, मागच्या दाराची कडी. बरण्या सगळ्यात शेवटी, दोन्ही हातांनी. घर बंद राहणार होतं म्हणून नेहमीपेक्षा जोर लावून. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. तो खिडकीपाशी गेला, काचेच्या गळ्यावरचं झाकण परत एकदा फिरवून बघितलं, आणि मग तो गळा काचेच्या ढिगात टाकून दिला.

"आपा," तो म्हणाला, "ती कसं सोडायची?"

"मी बघितलं नाही कधी. ऐकलंय फक्त."

"मग ऐकून सांगा."

त्याने पहिली फुगलेली बरणी दोन्ही हातांनी उचलून मोरीच्या कडेला आणली. साळूबाई मागे सरकून दाराच्या आड उभी राहिली आणि म्हणाली, "डोळं मीट रे, डोळं मीट आधी." त्याने झाकणावर जाड फडकं टाकलं आणि फिरवलं. हलेना. गुडघ्यात बरणी धरून त्याने परत जोर लावला. झाकण केसभर सरकलं आणि बारीक शीळ सुरू झाली.

"थांबा," आपा म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले होते. "आता थांबा. ती इथं थांबायची."

शीळ चालू राहिली. फडक्याखालून फेस वर आला, त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला. त्याने हात काढला नाही. बरणीचं बूड गुडघ्यांत हळूहळू बसत गेलेलं त्याला कळलं.

"आता परत. थोडंसंच."

दुसऱ्या वेळी आवाज मोठा झाला आणि विरून गेला. "हां," आपा म्हणाल्या. "असाच."

दुसरी बरणी सोपी गेली. आत जांभळं वर तरंगत होती आणि खालून बारीक बुडबुडे येत होते. शांतवन चेहरा अगदी जवळ नेऊन बघत राहिला. एक बुडबुडा सालीला अडकायचा, थांबायचा, मग कडेने वाट काढून वर यायचा. त्यामागे दुसरा.

"अजून चालूच आहे," तो म्हणाला.

साळूबाई दाराआडून पुढे आली. तिने बरणीत बघितलं. शांतवनच्या मनगटावर ओघळ होता, तो बोटाने पुसला आणि बोट जिभेला लावलं. "आंबट हाय अजून," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पर लवंग लागती."

मोरीत ओतायचं तिने परत काढलं नाही.

सहाला माणसं आली, नगरहून पंकजाही आली. सतरंजी पुरली नाही, काही जण अंगणात बसले. जपमाळ झाली, फादरनी रतनबाईच्या नावाने थोडं बोलून प्रार्थना केली. ते बोलताना खिडकीजवळचे छगनराव दोनदा नाक ओढून इकडेतिकडे बघताना शांतवनला दिसले. छगनराव त्याच्याबरोबर कारखान्यात होते आणि गल्लीतली कुठलीही बातमी त्यांच्याकडून पुढे जायची. चहा घेताना त्यांनी आवाज खाली आणला.

"शांतवन, राग मानू नको. वास कसला येतोय रे? एकटा पडलास, दुःख हाय, समजतं आमाला. पर ह्या वयात असली सवय..."

शांतवन कपबशी हातात धरून उभा राहिला. त्याच्या आधी साळूबाईच बोलली, चांगली सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"व्हय, वास येतोय. रतनच्या द्राक्षारसाचा हाय. येक बरनी फुटली, दोन हायेत. नाताळला या आन् मंग काय बोलायचं ते बोला, छगनराव. दरसाली दोन ग्लास मागून घेत हुता ना?"

अंगणात कुणीतरी हसलं. छगनराव चहा पिऊ लागले. फादरनी बशीत बघत विचारलं, "यंदाही लवंग घातली होती का तिने?"

"घातली हाय," साळूबाई म्हणाली.

त्या रात्री निजण्यापूर्वी शांतवनने झाकणं आवळली. सकाळी उठून सैल केली. पलीकडून आपांनी भिंतीवर दोनदा टकटक केली, त्यानेही दोनदा परत केली.

भिंतीला चुना दिला आहे. छतावरची बी काढली. आता फिकट डाग फक्त दिवसा दिसतो. बुडबुडे रोज थोडे कमी होत आहेत. ते थांबल्यावर रस गाळायचा असतो, इतकं आपांना माहीत आहे. कशातून गाळायचा आणि नंतर झाकण लावायचं की नाही, हे त्यांनाही माहीत नाही, साळूबाईलाही नाही. पंकजाने दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी दोन वेगवेगळं सांगितलं.

रस गाळायचा राहिला आहे.