मारुतीच्या पाठीमागचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. पुढचा नाही, मागचा. पुढच्याला तोरणं, कमानी, पाहुण्यांचे रामराम. त्याला सवड नाही. मला आहे. कित्येक वर्षांत मी पुरता उघडलेलोच नाही, मग दुसरं काम काय?

माझा जन्म मेहकरच्या एका वेल्डिंगच्या दुकानातला. अमडापूरचे भाऊराव मंगल कार्यालय बांधत होते. तिथल्या स्वयंपाकघराला मागून एक लोखंडी दरवाजा हवा होता. भाऊराव म्हणाले, "आतच उघडू दे. गल्लीत कोणाले लागीन."

शेखर मिस्त्री कोणाचं ऐकणारा नव्हता. म्हणाला, "आग लागली का माणूस ढकलते भाऊ, ओढत नाही बसत. हा बाहेरच उघडीन." आणि त्यानं मला तसंच केलं. माझ्या बाबतीत कोणी अक्कल वापरली ती तेवढीच.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. पोळ्या लाटून घामाघूम झालेल्या बाया माझ्यातून गल्लीत यायच्या, पदरानं वारा घ्यायच्या. त्यांची म्होरकी कलाबाई. हात पिठाचे असले की ती मला कंबरेनंच ढकलायची. चारशे माणसांच्या पोळ्या ती दुपारपर्यंत उरकायची आणि वर नवरीच्या मामाला टोमणेही मारायची.

मग सुरू झाली गल्लीची भानगड. लग्नाला आलेले बाप्ये जेवण झालं की पान चघळत मागे यायचे आणि माझ्या शेजारच्या भिंतीशी उभे राहायचे. वास स्वयंपाकघरात. भाऊरावांनी चौकीदाराला धरलं.

"काऊन बे निवृत्ती, पाटी लावली होती ना?"

"लावली मालक. लोकं पाटी वाचता वाचताच करून राह्यले."

"मंग देव लाव. देवासमोर कोणाची हिंमत हाय?"

भिंतीला देवांच्या फरश्या लागल्या. लोक दोन पावलं सरकून उभे राहू लागले. तेव्हा भाऊरावांनी एक दगड आणला, त्याला शेंदूर फासला आणि थेट माझ्या पुढ्यात मांडला. तोच कोपरा सगळ्यात घाण होता ना. गल्ली एका दिवसात स्वच्छ झाली. पुढे गल्लीवाल्यांनी त्या मारुतीला दीड हात उंच सिमेंटचा ओटा बांधला. शनिवारी रुईच्या माळा, तेल, नारळ.

निवृत्तीनं एकदा विचारलं, "मालक, दरवाजा आता उघडन कसा?"

"पुढचा हाय ना. मागून तसेबी फुकटे घुसतात जेवायले."

खरं सांगतो, मलाही ते बरं वाटलं. उदबत्तीचा वास यायचा. येणारा जाणारा हात जोडायचा तेव्हा मला वाटायचं, थोडा नमस्कार मलाही पोचत असेल. मी कुरकुरलो नाही. गंजत गेलो आणि गप्प बसलो. हा माझा गुन्हा आहे, तो मी दुसऱ्यावर ढकलत नाही.

जे उघडत नाही त्याला लोक भिंत समजतात. माझ्या आतल्या अंगाला पत्रावळ्यांचे खोके रचले गेले, छतापर्यंत.

गेल्या वर्षी एका लग्नात, भर दुपारी, बुंदीच्या कढईतलं तूप उतू गेलं. भट्टी होती हॉलकडच्या दाराजवळ. तिथला सजावटीचा पडदा पेटला आणि बायांची पुढची वाट बंद झाली. तिघी माझ्याकडे धावल्या. कलाबाईनं खोके ओढून फेकले, पण तोवर उडालेल्या ठिणग्यांनी तेही पेटले होते. तिनं मला ढकललं. मी चार बोटं सरकलो आणि ओट्याला अडलो.

"अवो, उघडा ना कोणी," ती फटीतून ओरडत होती. बाहेर निवृत्ती दोन्ही हातांनी मला ओढत होता. चार बोटांचं पाचवं बोट झालं नाही. खोक्यांच्या आगीनं माझा पत्रा तापला. तरी ती ढकलत राहिली. तिचे तळहात माझ्या अंगाला चिकटले. आग लावली कोणी का असेना, हात मी भाजले.

हॉलमधल्या माणसांनी सतरंज्या भिजवून पडदा विझवला, तिघींना बाहेर काढलं. कोणी मेलं नाही. गाव म्हणालं, मारुतीनं वाचवलं. त्या शनिवारी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती.

कलाबाईचे हात आता आखडलेत. लाटणं धरता येत नाही. तिच्या जागी तिची सून सुचिता लाटते, त्याच स्वयंपाकघरात. म्हणून कलाबाई भाऊरावांकडे आली.

"भाऊ, देव दोन हात बाजूले घ्या. मी सोता नारळ फोडतो."

"अवो, मी देव हलवला त गाव मले हलवीन."

"देवाचं भेव वाटते तुमाले. माहे हात पाहून नाही वाटलं?"

देव भाऊरावांनी हलवला नाही. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मी शिव्या तरी दिल्या असत्या.

पुढे तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर एक काम झालं. माझ्या डोक्यावर हिरवी पाटी बसली. लाईट गेली तरी पेटते म्हणे. त्यावर पळणारा माणूस आणि 'आपत्कालीन मार्ग' अशी अक्षरं. साहेबांनी पाटी पाहिली, सही केली, मठ्ठा पिऊन गेले. मला कोणी हात लावला नाही.

सुचिता बारावी शिकलेली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, आता काई भेव नाही. इथूनच बाहेर जायचं, असं लिव्हलं हाय."

कलाबाईला वाचता येत नाही. तिनं मला कोपरानं ढकलून पाहिलं. चार बोटं.

उद्या इथं लग्न आहे. पाचशे पानं. खोके पुन्हा रचून झालेत. माझा आवाज तिला ऐकू गेला असता तर मी एवढंच म्हणालो असतो: सुचिता, पोरी, माझ्या डोक्यावरचं वाचू नको. आग दिसली की आधी पुढच्या दारानं पळ. माझ्याकडे येऊ नको.